पत्रकावर जे छापलं नव्हतं

निपाणीत माझं छपाईचं काम आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, फ्लेक्स. कागल, गडहिंग्लज, संकेश्वर, चिकोडी अशा चहूबाजूंची माणसं येतात आणि बहुतेकांच्या हातातल्या चिठ्ठीवर एकच मजकूर असतो : ‘आमच्याकडे सर्व प्रकारची कामे माफक दरात व तत्परतेने केली जातील.’ खाली मोबाईल नंबर. फॅब्रिकेशनवाला असो, बोअर मारणारा असो की ब्युटी पार्लरवाल्या ताई, मजकूर तोच. या एका वाक्यामुळे धंदेवाल्याचं आणि गिऱ्हाइकाचं किती नुकसान होतं ते मी पुतणीच्या लग्नात फार जवळून बघितलं.

लग्न आमच्याकडे, पाहुणे गडहिंग्लजकडचे. दादाने एका केटररचं पत्रक बघून काम दिलं होतं. पत्रकावर ‘लग्नकार्यासाठी जेवणाची संपूर्ण व्यवस्था’ असं ठळक छापलेलं, खाली पदार्थांची लांबलचक यादी आणि ताटामागे दर. मसालेभात, जिलेबी, भरली वांगी, मठ्ठा सगळं ठरलं, विसार दिला. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली आणि वाढायला कुणी येईना. दादा स्वयंपाकघरात गेला तर आचारी हात पुसत उभे. केटरर म्हणाला, “वाढपी तुमचेच की ओ अण्णा. आमचं काम स्वयंपाक करून द्यायचं.” मग कळलं की पिण्याचं पाणीही आपणच आणायचं होतं आणि पंगतीनंतरचं खरकटंही आपणच उचलायचं होतं. घरातली पोरं लग्नाच्या कपड्यांत बादल्या घेऊन धावली, पाण्याच्या टँकरसाठी फोनाफोनी झाली आणि वराकडची वयस्कर मंडळी ताटावर बसून राहिली. दादाच्या चेहऱ्यावरची ती शरम मला अजून बघवत नाही. शेवटी बिलावरून जे वाजलं त्यानंतर त्या दोघांचं बोलणं कायमचं बंद झालं.

मी नंतर त्या केटररशी शांतपणे बोललो. त्याने फसवलं नव्हतं, हे मला आजही ठामपणे सांगावंसं वाटतं. त्याचा धंदा सगळा आसपासच्या खेड्यांतला. तिथे भावकीच वाढते, पाणी गल्लीतली पोरं भरतात, आचाऱ्याने फक्त चुलीपुरतं बघायचं ही रीत सगळ्यांना ठाऊक. रीत ठाऊक असली की कागदावर लिहायची गरज पडत नाही. पण आता गिऱ्हाईक शहरातलं असतं, मंगल कार्यालयातलं असतं, निम्मे पाहुणे पलीकडच्या राज्यातले असतात. त्यांची रीत वेगळी. ‘संपूर्ण व्यवस्था’ या शब्दांमागे त्याने त्याची रीत धरली, दादाने आपली.

तेव्हापासून कुणी पत्रक करायला आलं की मी मजकूर घेण्याआधी एक प्रश्न विचारतो : तुमचं काम कुठे थांबतं? काय काय करता ते प्रत्येक जण भरभरून सांगतो. कुठे थांबतं ते सांगताना मात्र विचार करावा लागतो, आणि भांडणं नेमकी तिथेच होतात. एका आचाऱ्याचं पत्रक आम्ही या पद्धतीने केलं. त्यावर छापलं : स्वयंपाक, भांडी आणि गॅस आमचा, किराणा, भाजी आणि पाणी तुमचं, वाढपी हवे असल्यास आठ दिवस आधी सांगावं, त्यांची मजुरी वेगळी, कमीत कमी एवढी ताटं, ठरल्यापेक्षा ताटं वाढली तर वाढीव ताटाचा दर हा. त्याला आधी भीती वाटली की एवढं वाचून लोक बिचकतील. पण फोनवर होणारी निम्मी चौकशी कमी झाली, आणि जो फोन करतो तो काम द्यायच्या तयारीनेच करतो, असं तो सांगतो.

मापाचंही तसंच. ट्रॅक्टरवाले ‘रोटाव्हेटर, नांगरट, सरी सोडून मिळेल’ एवढंच छापतात. दर एकरावर की तासावर, डिझेल कुणाचं, रान ओलं निघालं आणि ट्रॅक्टर रुतला तर वेळ कुणाच्या खात्यावर, हे बांधावर ठरतं आणि बांधावरच बिघडतं. उसाचं रान तयार करणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब आधी कळला तर तो दोन पैसे जास्त द्यायलाही तयार असतो. त्याला अंदाज बांधता येतो, त्याचे हे पैसे.

आपल्या भागात यात आणखी एक गाठ आहे, ती महाराष्ट्र-कर्नाटक सीमेची. निपाणीचा टॅक्सीवाला सकाळी कोल्हापूरला जातो, दुपारी बेळगावला, कधी चोर्ला घाटातून गोव्यात. कोल्हापूरकडे निघालं की कोगनोळीचा टोल, बेळगावकडे निघालं की हत्तरगीचा. परराज्यात शिरताना परमिटचा आणि कराचा प्रश्न. ‘कोल्हापूर विमानतळ, सांबरा विमानतळ, गोवा, सर्व ठिकाणी गाडी मिळेल’ एवढ्याने प्रवाशाला काय कळणार? किलोमीटरचा दर जाऊन-येऊन धरला आहे का, टोल आणि परराज्याचा कर दरात आहे की वेगळा, ड्रायव्हरचा भत्ता आणि मुक्कामाचा खर्च कसा, एवढ्या चार गोष्टी कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सहज मावतात. ती बाजू मोकळी ठेवून पुढच्या बाजूला गुलाबाची फुलं छापण्यात काय अर्थ आहे?

कारखान्यांत ही गाठ जास्त घट्ट बसते. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या कितीतरी मशीनशॉपना कागल, गोकुळ शिरगाव, इचलकरंजीकडून जॉबवर्क येतं. माल येतो महाराष्ट्रातून, काम होतं कर्नाटकात, तयार नग परत महाराष्ट्रात. एका राज्यातल्या मालकाने दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे माल पाठवला तर त्याची किंमत पन्नास हजारांच्या आत असली तरी ई-वे बिल लागतं; ते मालकाने काढावं किंवा जॉबवर्कर जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्याने. कच्चा माल वर्षाच्या आत परत जावा, ही अटही कायद्यात आहे. म्हणून उद्यमबागेतल्या एखाद्या पोराने स्वतःचं शॉप टाकलं आणि ‘सीएनसी, व्हीएमसीची सर्व कामे’ असं कार्ड करायला आला की मी त्याला बसवून घेतो. चक केवढा, किती लांबीपर्यंतचा जॉब बसतो, किती मायक्रॉनपर्यंतची टॉलरन्स तू खात्रीने सांभाळतोस, कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघालं तर तो नग कुणाचा, बर काढणं आणि गंजरोधक तेल लावणं दरात आहे का, तपासणीचा रिपोर्ट सोबत देतोस का, ई-वे बिल कोण काढणार, वाहतूक कुणाची. यातल्या प्रत्येक प्रश्नावर कधी ना कधी कुणाचं तरी बिल अडकलेलं मी ऐकलं आहे. खरेदी बघणारा माणूस कार्डावरचे आकडे बघतो आणि दहा सेकंदांत ठरवतो की आपला जॉब इथे होईल की नाही. ‘अत्याधुनिक’ या शब्दाने त्याला काहीच ठरवता येत नाही.

विशेषणांवर माझा राग आहे, आणि त्याला बेळगावातलंच कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं १८८८ मधलं सायकलींचं दुकान बेळगावात होतं. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर त्यांनी इथेच घडवले. १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती नंतर. सुरुवातीला ते नांगर कुणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले मोजके नांगर खपायलाही दोनेक वर्षं गेली. ज्याच्या मनात रान नासण्याची धास्ती आहे त्याला ‘मजबूत’ आणि ‘टिकाऊ’ सांगून काय होणार? त्याच्या धास्तीबद्दलच बोलावं लागतं. शंकरराव किर्लोस्करांनी जाहिरातीचं काम अंगावर घेतलं आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. एका कारखान्याचं माहितीपत्रक म्हणून निघालेला तो कागद पुढे महाराष्ट्रातलं नावाजलेलं मासिक झाला. गिऱ्हाईक हा वाचक आहे, त्याला समजावून सांगितलं पाहिजे, याची एवढी मोठी परंपरा आपल्या दारात असताना आपण ‘माफक दर, तत्पर सेवा’वर का थांबावं?

म्हणून धंदेवाल्याला मी सांगतो की गिऱ्हाईक सगळ्यात आधी कोणती शंका काढतं ते आठव. दुरुस्तीवाल्याकडे ते विचारतं, ‘बघायचे पैसे घेता काय?’ शिवणक्लासच्या ताईंना विचारतात, ‘मध्येच सोडलं तर फी परत मिळते का?’ नर्सिंगची सेवा घरी देणाऱ्यांना विचारतात, ‘रात्री बाई थांबेल का, आणि ती नाही आली तर कोण येणार?’ ही उत्तरं पहिल्या चार ओळींत यावीत. स्थापना, आशीर्वाद, मालकाचा फोटो हे सगळं खाली गेलं तरी चालतं.

वचन देताना मात्र हात आखडता घ्यावा. ‘शंभर टक्के गॅरंटी’ छापून घ्यायला अजूनही माणसं येतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेचं खोटं वर्णन, फसवी हमी आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं या तिन्ही गोष्टी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दहा लाखांपर्यंत दंड करता येतो. आणि सीमेवरच्या धंदेवाल्याने ध्यानात ठेवावं असं कलम म्हणजे ग्राहक स्वतः जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. निपाणीत दिलेल्या सेवेचं उत्तर कोल्हापुरात जाऊन द्यावं लागेल. हमी द्यावी, पण कशाची, किती महिन्यांची आणि कोणत्या कारणाने ती लागू होणार नाही, हे सोबत लिहून.

भाषेचा प्रश्न इथे टाळून चालत नाही. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या फलकावर साठ टक्के कन्नड हवी. उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्रजी बसवायची म्हणजे फलकावर नाव आणि धंदा, एवढंच मावतं. आमच्या भाषेचं दुखणं खोल आहे आणि ते मी कमी लेखणार नाही. पण धंद्यापुरतं बोलायचं तर सविस्तर वर्णन फलकावर नसलेलंच बरं. त्याची जागा पत्रकात, दुकानातल्या दरफलकावर आणि व्हॉट्सॲपवर पाठवायच्या कागदावर आहे. तिथे मराठी आणि कन्नड दोन्ही पूर्ण द्यावं. आणि दोन्हींत तेच असावं. एका बाजूला ‘घरपोच’ आणि दुसऱ्या बाजूला ते गायब, असं पत्रक मी छापायचं थांबवलं आहे. कन्नड मजकूर फोनवरून उतरवून घेऊ नये. शेजारच्या एखाद्या कन्नड शाळेतल्या गुरुजींना दाखवला तर ते प्रेमाने दुरुस्त करून देतात. दर आणि फोन नंबर इंग्रजी आकड्यांत ठेवावेत, म्हणजे खानापूरच्या मराठी माणसाला आणि गोकाकच्या कन्नड माणसाला एकाच नजरेत वाचता येतात.

मजकूर तयार झाला की छापायच्या आधी तो धंद्यातल्या माणसाला दाखवून उपयोग नाही, त्याला सगळं आधीच ठाऊक असतं. ज्याने ती सेवा कधी घेतलेली नाही अशा एखाद्या मावशींना किंवा कॉलेजच्या पोराला मोठ्याने वाचायला द्यावा आणि विचारावं, ‘आता तुम्हाला किती पैसे लागतील आणि घरून काय न्यावं लागेल?’ उत्तर अडलं तर ती ओळ पुन्हा लिहावी. माझ्या टेबलासमोर हे रोज चालतं आणि यात पाच-दहा मिनिटं जातात.

शेवटी कोपऱ्यात महिना आणि साल छापावं. फोनवर फिरत राहिलेलं जुनं पत्रक घेऊन दोन वर्षांनी कुणी दारात उभं राहतं, तेव्हा ‘हे दर अमुक महिन्यापर्यंत’ ही बारीक ओळ दोघांचाही मान राखते.