कृमीचे आयुष्य आणि वडिलांची गोळी

अमिरातीतील करामा येथील एका सुविद्य गृहस्थांनी परवा मोठ्या कळकळीने विचारले की, नैराश्यावरील मियान्सेरिन या औषधाने कृमी अधिक जगतात असे वाचनात आले असता, पुण्याहून यावयाच्या आपल्या ऐंशी वर्षांच्या वडिलांना, त्यांस नैराश्य नसतानाही, ते सुरू करावे काय. या प्रश्नामागील पितृभक्ती मला वंद्य वाटते. म्हणूनच खुलासा सविस्तर करतो.

ज्याचा हा मामला आहे तो सी. एलिगन्स हा कृमी जेमतेम एक मिलिमीटर लांब, दोन-तीन आठवड्यांत आयुष्य आटोपणारा, आणि त्याच्या उभयलिंगी देहात चेतापेशी अवघ्या 302. तो आपल्याला अगदीच परका नव्हे: अबू धाबीतील न्यूयॉर्क विद्यापीठाचे पहिले प्रोव्होस्ट फाबिओ पियानो हे याच कृमीचे अभ्यासक. सिअ‍ॅटल येथे मायकेल पेत्राशेक आणि घ्राणसंवेदनेच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेल्या लिंडा बक यांनी 88,000 रसायने या कृमीवर पारखली, आणि 2007 साली प्रसिद्ध केले की मियान्सेरिनने त्याचे आयुष्य सुमारे तीस टक्क्यांनी वाढते. अन्न मुबलक असल्याची वर्दी सेरोटोनिन हे चेतापेशींतील रसायन देते, टंचाईची ऑक्टोपामिन हे दुसरे. औषध पहिली वर्दी अडवते, तेव्हा पोटभर खाणाऱ्या कृमीचा देहही दुष्काळाची तजवीज करू लागतो, असा त्यांचा तर्क. ज्या कृमींना आधीच अल्पाहारावर ठेवले होते, त्यांना मात्र या औषधाने अधिक आयुष्य लाभले नाही, ही गोष्ट मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते, कारण औषधाची आणि अल्पाहाराची वाट एकच असावी असे त्यावरून दिसते.

मनुष्याचे आयुष्य मियान्सेरिनने वाढल्याचा पुरावा नाही. उलट वृद्धांस याने गुंगी येते, रात्री उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. क्वचित रक्तातील श्वेतपेशी इतक्या घटतात की साधा घसादुखीचा ताप जिवावर बेततो. तेव्हा निरोगी वडिलांना ही गोळी देऊ नये, असे मी निःसंदिग्धपणे सांगतो. परंतु ज्यांना वैद्याने नैराश्यासाठी असे औषध दिले आहे, त्यांनी हे वाचून ते एकाएकी बंदही करू नये. नैराश्य हा खरा व्याधी आहे आणि त्यावरील उपचारात लाज बाळगण्याजोगे काही नाही.

मनोविकारावरील कित्येक औषधे अमिरातीत नियंत्रित आहेत. ती सामानात आणण्यापूर्वी येथील शासनाची आगाऊ मंजुरी घ्यावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. वडील आले म्हणजे त्यांच्या सर्व गोळ्या, रक्तदाबाची नोंदवही आणि रोज पायात घालावयाची पादत्राणे, अशा तिन्ही वस्तू घेऊन माझ्याकडे तपासणीसाठी यावे; तोल जाऊन पडण्याचा धोका कितपत आहे ते त्यांवरून पाहता येईल.