डोळा मारायचा की दगड?

अगं, तुझी संहिता वाचली. फोनवर तू मध्येच 'पण ताई' म्हणत मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहूनच पाठवतेय. मैत्रिणींना दाखवलंस तरी चालेल, सरांना मात्र दाखवू नकोस.

पंधरा मिनिटांची तुझी भुताची फिल्म. त्यात नायक दर दोन पानांनी कॅमेऱ्याकडे बघून बोलतो, मध्येच 'शोले'ची नक्कल येते, काळाची मांडणी टॅरेन्टिनोसारखी उलटसुलट आहे आणि शेवटी दिग्दर्शिका स्वतः पडद्यावर येऊन 'कट' म्हणते. असं का, विचारलं की तू म्हणणार, 'ताई, हे उत्तर-आधुनिक आहे.' बरं, असेल. पण ते बघून मला ना भीती वाटली, ना हसू आलं. तू हुशार आहेस एवढं कळलं, आणि ते मला आधीपासून माहीत होतं.

उत्तर-आधुनिकतेवरच्या तुझ्या नोट्समध्ये ल्योतार असणारच. 1979 चं पुस्तक आणि मोठमोठ्या कथनांवरचा उडालेला विश्वास, परीक्षेला एवढं पुरतं. तुझ्या खऱ्या कामाचा माणूस फ्रेडरिक जेमसन. विडंबन आणि पास्टिश यांत त्याने फरक केला. विडंबन करणाऱ्याला कुणाची तरी खोड मोडायची असते. पास्टिशमध्ये नुसती नक्कल, पोटात राग नाही की लोभ नाही. अत्र्यांची 'झेंडूची फुले' आठव. रविकिरण मंडळाच्या कवींवर त्यांचा डोळा होता, म्हणून ती विडंबनं झोंबली. तुझी 'शोले'ची नक्कल कुणाला झोंबणार आहे? गब्बरला?

आता तुझ्याच गावाकडे बघ. नट शाहू मोडक नगरचे, ख्रिस्ती घरातले, जन्म 1918 चा. लहानपणी पडद्यावर कृष्ण झाले आणि पुढे आयुष्यभर कृष्णाने त्यांची पाठ सोडली नाही. 1940 मध्ये प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ते ज्ञानेश्वर झाले. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, आणि पडद्यावरचा ज्ञानेश्वर नगरचा ख्रिस्ती मुलगा. मला याचं फार अप्रूप वाटतं, विषयाशी त्याचा फारसा संबंध नसला तरी. तर त्याच्या आदल्याच वर्षी, 1939 मध्ये, शांतारामबापूंनी या कृष्णाच्या अंगावर पोलीस शिपायाचा गणवेश चढवला आणि त्याला वेश्येच्या प्रेमात पाडलं. तो 'माणूस'.

'माणूस' मुळात 'देवदास'ला दिलेलं उत्तर होतं. प्रेम फसलं की दारूत बुडून मरायचं, याचा शांतारामांना मनापासून वीट आला होता. एक सिनेमा दुसऱ्या सिनेमाशी असा भांडतो. त्यातच बॉम्बे टॉकीज छापाच्या गोडगोड प्रेमप्रसंगाची टरही उडवलेली आहे, म्हणजे सिनेमाच्या पोटात सिनेमाची थट्टा. तू ज्याला उत्तर-आधुनिक म्हणतेस ते सगळं तिथे आहे, फक्त तेव्हा त्याला कुणी तसं म्हणत नव्हतं. पण थट्टा संपल्यावर काय होतं ते बघ. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे शांता हुबळीकरांच्या मैनेने, म्हणजे त्या वेश्येने, एकतर नायकासाठी मरायला हवं, नाहीतर कुंकू लावून पवित्र व्हायला हवं. ती दोन्ही करत नाही. तिच्या हातून मामाचा खून होतो, ती तुरुंगात जाते आणि तिचा पोलीस शिपाई, गणपत, सोडवायला येतो तर त्याच्याबरोबर जायला नकार देते. थट्टेने तुला सैल केलं आणि मग पायाखालची सतरंजी ओढली. तुझ्या संहितेत सतरंजी ओढायचं राहून गेलंय.

एक मात्र सांभाळ. 'हे सगळं आमच्या तमाशात आधीपासून होतंच' असं उत्तरपत्रिकेत लिहू नकोस. मोह होईल, मला ठाऊक आहे. संगमनेरच्या कांताबाई सातारकरांचं नाव घेतलं की आपली छाती फुगते, आणि फुगावीच. गवळणीत मावशीच्या वेषात पुरुष येतो, कृष्णाच्या गोष्टीत आजच्या सरपंचाची फिरकी घेतली जाते, सोंगाड्या वगातून बाहेर पडून सरळ समोरच्या लोकांशी बोलतो, सगळं खरं. पण तिथे ते मोडणं नसतं, तोच तिथला नियम असतो. सोंगाड्या लोकांशी बोलला नाही तर लोक ओरडतील. नियम कुठे पाळला जातोय आणि कुठे मोडला जातोय, हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

आता 'फँड्री'. नागराज मंजुळे तुझ्यासारखेच नगरला न्यू आर्ट्समध्ये कम्युनिकेशन शिकले, तिथे शिकतानाच 'पिस्तुल्या' केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री'ची गोष्ट घडते अकोळनेरात, नगरपासून हाकेच्या अंतरावर. सिनेमा लागला 14 फेब्रुवारी 2014 ला, व्हॅलेंटाइन डेला. जाहिरातीसाठी अजय-अतुलचं गाणं. म्हणजे आधीच सांगून ठेवलं, पोरापोरीची गोष्ट आहे, या. आणि आपण गेलो. शाळकरी जब्या शालूकडे चोरून बघतो, काळी चिमणी शोधत माळावर हिंडतो, नव्या कपड्यांची स्वप्नं बघतो. शाळकरी प्रेमकथेचे सगळे रिवाज नीट, मन लावून पाळलेत. कुठेही 'बघा बघा, मी रिवाज वापरतोय' असा आव नाही.

मग जब्याच्या घरच्यांचं ते डुक्कर पकडणं. सगळा गाव बघ्यासारखा जमलाय आणि हसतोय, त्यात शालूही. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थबकतो, सगळं कुटुंब ताठ उभं राहतं आणि डुक्कर आरामात निघून जातं. थिएटरात इथे लोक हसतात. हसता हसता आवाज बारीक होत जातो, कारण आपण कुणाच्या रांगेत बसलोय ते हळूहळू कळायला लागतं. पुढे डुक्कर काठीला बांधून नेतात, मागच्या भिंतीवर आंबेडकरांचं चित्र. कुणी काही बोलत नाही. आणि शेवटी जब्याचा दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो.

तुझा नायकही कॅमेऱ्याकडे बघतो आणि जब्याचा दगडही कॅमेऱ्याकडेच येतो. पुस्तकाच्या भाषेत दोन्हीकडे चौथी भिंत मोडली. पण तुझा नायक प्रेक्षकाला डोळा मारतो: आपण दोघं शहाणे, हा नुसता सिनेमा आहे. जब्या म्हणतो, तू पण त्यांच्यातलाच आहेस. एवढ्यासाठीच मंजुळ्यांना उत्तर-आधुनिक म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुझ्या सरांचं मत वेगळं असेल तर पेपरात त्यांचंच लिही, मार्क महत्त्वाचे.

मंजुळ्यांच्याच 'सैराट'चं तुला वेगळं सांगायला नको, तुझे निम्मे संवाद तिथूनच आलेत. फक्त एक बघ, चारही गाणी मध्यंतराच्या आधी येतात. आर्ची ट्रॅक्टर चालवते, बुलेट चालवते, परशा लाजतो. उलटापालट आहे, पण ती मजेची. मग दोघं पळून जातात, हैदराबाद, खोली, पगार, संशय, आणि गाणं नाही. शेवटी माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात तेव्हा आपण अजूनही हिंदी सिनेमाच्या सवयीने म्हणतो, चला, मिटलं एकदाचं. आवाजच काढून घेतलेला तो शेवट अंगावर येतो, कारण पहिला दीड तास सिनेमाने आपले लाड केले होते. 'सैराट'वरून हिंदीत केलेल्या 'धडक'मध्ये शेवट बदलला, धक्का तिथेही दिला. पण आधीचे लाडच वरवरचे होते, मग धक्क्याचं काय होणार?

म्हणून सांगते, भूत मनापासून दाखव. तुला भुताच्या सिनेमाची लाज वाटतेय आणि ती लाज झाकायला तू विनोद करतेयस. 'सगळ्या भुतांना पांढरीच साडी कशी?' हे वाक्य काढ. रात्रीचा रस्ता, उसाचा फड, आत लुकलुकणारा उजेड, पाचटाची सळसळ, मोटारसायकल बंद पडलेली. यातलं काहीही जुनं झालेलं नाही. मला घाबरव. बाई फडातून बाहेर येऊ दे, चेहरा दिसू देऊ नकोस.

आणि मग तिच्या डोक्यावरची मोळी दिसू दे. रात्री ट्रक भरायला आलेली ऊसतोड बाई, पाथर्डीकडची म्हण, बीडची म्हण. ती तुझ्या नायकाला एवढंच म्हणेल, 'दादा, गाडी बाजूला घ्या, ट्रक अडलाय.' तो तिला भूत समजला होता आणि आपणही. पुढे कुणी कॅमेऱ्याकडे बघायची गरज नाही, 'कट' म्हणायचीही नाही.

त्या बाईच्या तोंडी आणखी संवाद घालशील, मला माहितीये. घालू नकोस. पांढरी साडी तर नकोच, फडात पांढरं नेसून कोण जातं? साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, तो शोध. भाड्याचे दिवे मागवू नकोस, ट्रकचे हेडलाइट पुरे. टोळीच्या मुकादमाला आधी भेट, बायकांनाही विचार, आणि त्यांची रात्रीची खेप तुझ्यासाठी थांबवू नकोस. त्यांना वजनावर पैसे मिळतात. मार्चच्या आत उरकलंस तर बरं, नाहीतर कारखाने बंद होतील आणि तुला नुसती ढेकळं मिळतील शूट करायला.