यलोस्टोनचीं अस्वलें व प्रवाशांचा शिधा

भूतदया म्हणजे काय असें कोणी विचारिलें, तर आपण चटकन् उत्तर देतों कीं, भुकेल्या प्राण्यास खावयास घालणें. गाय, कुत्रा, मांजर या माणसाळलेल्या प्राण्यांपुरतें हें उत्तर खरें आहे. रानांतील प्राण्यांस मात्र तें लागू पडत नाहीं. उलट तेथें अशी दया त्यांच्याच जिवावर बेतते. ही गोष्ट आम्हीं पूर्वीं पुस्तकांत वाचिली होती. परंतु ती मनांत खरी उतरली अमेरिकेंतील एका प्रवासांत. त्या प्रवासाचा वृत्तांत व त्यापासून मिळालेला धडा येथें देत आहों.

२०२३ सालच्या सप्टेंबर महिन्यांत आम्ही उभयतां सॉल्ट लेक सिटी या शहराहून भाड्याची मोटार घेऊन उत्तरेस निघालों. बरोबर एक तंबू, झोपण्याच्या दोन पिशव्या, एक लहान शेगडी व आठ दिवसांचा शिधा एवढेंच सामान होतें. वायोमिंग राज्यांतील जॅक्सन गांव मागें पडल्यावर डाव्या हातास टीटन पर्वताची रांग दिसूं लागली. सह्याद्रि कोंकणांतून पाहिला असतां जसा भिंतीसारखा उभा दिसतो, तशीच ही रांग सपाट खोऱ्यांतून एकदम सुमारें सात हजार फूट वर चढते. मध्यें लहान टेकड्यांच्या पायऱ्या नाहींत. याचें कारण असें कीं, येथें भूकवचास मोठी भेग पडली असून तिच्या एका बाजूचा खडक वर उचलला गेला व दुसऱ्या बाजूचा खालीं खचला. या रांगेंतील सर्वांत उंच शिखर ग्रँड टीटन हें १३,७७५ फूट आहे. १९२९ सालीं येथें राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें.

या उद्यानाच्या उत्तरेस यलोस्टोन आहे. १ मार्च १८७२ रोजीं अध्यक्ष ग्रँट यांनीं कायद्यावर सही केली आणि सुमारें साडेतीन हजार चौरस मैलांचा हा मुलूख जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यांत आला. येथें जमिनीच्या पोटांतील उष्णतेमुळें उकळत्या पाण्याचीं कारंजीं उडतात. ओल्ड फेथफुल नांवाचें कारंजें साधारण दीड तासानें शंभर ते एकशें ऐशीं फूट उंच उसळतें. आम्हीं तें पाहिलें व थक्क झालों. परंतु आमच्या आयुष्यास पुरेल असा धडा मिळाला तो या कारंज्याजवळ नव्हे, तर त्याच रात्रीं आमच्या तंबूंत.

गिबन व फायरहोल या दोन नद्यांच्या संगमापासून मॅडिसन नदी सुरू होते. तेथील मुक्कामाच्या जागेवर आम्हीं तंबू ठोकिला. आंत शिरतांनाच आमच्या हातीं नियमांचा कागद देण्यांत आला होता. अन्न, भांडीं, इतकेंच काय, पण साबण व दंतमंजनसुद्धां तंबूंत ठेवूं नये. तें सर्व बंद मोटारींत किंवा लोखंडी पेटींत ठेवावें. अस्वलाचें नाक फार तीक्ष्ण. ज्यास वास आहे तें सारें त्यास खाद्यच वाटतें.

रात्रीं थंडी कडक पडली व पावसाची भुरभुर सुरू झाली. नदीपलीकडे एल्क जातीचीं मोठीं हरिणें शीळ घातल्यासारखीं ओरडत होतीं. आम्ही पिशव्यांत शिरून डोळे मिटणार, तों पायाशीं असलेल्या झोळींत बेसनाच्या लाडवांचा डबा राहून गेल्याचें ध्यानांत आलें. आम्ही म्हणालों, "झांकण घट्ट आहे. सकाळीं पाहूं."

"अहो," आमची पत्नी म्हणाली, "शाळेंत मुलांना नियम शिकवितां, आणि येथें झांकणाची सबब सांगतां?"

"एका डब्यासाठीं इतक्या पावसांत कोण जातें? तू नीज."

ती कांहींच बोलली नाहीं. बत्ती घेऊन उठली, डबा मोटारींत ठेवून आली व ओल्या केसांनीं मुकाट्यानें निजली. आम्हांस राग आला होता. तो तिचा नसून आपलाच होता हें कळावयास सकाळ व्हावी लागली.

सकाळीं तंबूपासून पंधरावीस पावलांवर चिखलांत पंजाचे रुंद ठसे उमटले होते. नखांच्या खुणा बोटांपासून बऱ्याच पुढें होत्या. वनरक्षकानें ते पाहून सांगितलें कीं, हें ग्रिझ्ली अस्वल असावें. तें न थांबतां नदीकडे गेलें. आम्हीं डब्याची गोष्ट त्यास प्रांजलपणें सांगितली. तो म्हणाला, "डबा आंत असता तर कदाचित् तुम्ही वांचला असतां. अस्वल मात्र वांचलें नसतें."

त्याच्या बोलण्याचा अर्थ समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १९१५ सालीं या उद्यानांत मोटारींस मुभा मिळाली व प्रवाशांची रीघ लागली. रस्त्याच्या कडेस अस्वलें उभीं राहत आणि लोक मोटारींतून त्यांस पाव व मिठाई देत. उपाहारगृहांचें उष्टें जेथें टाकलें जाई, तेथें बांकें मांडून लोक अस्वलांची पंगत पाहत बसत. परिणाम काय झाला? १९३१ पासून १९६९ पर्यंत दरसाल सरासरी ४८ माणसें अस्वलांकडून जखमी झालीं. अस्वलाचीं पिल्लें दोनतीन वर्षें आईबरोबर राहून पोट कसें भरावें हें शिकतात. आईनें हात पसरला तर पिल्लूंही हात पसरावयास शिकतें. आणि एकदां माणसाच्या अन्नाची चटक लागली कीं तें तंबू फाडतें, मोटार फोडतें व शेवटीं बंदुकीच्या गोळीस बळी पडतें.

म्हणून १९७० सालीं उकिरडे बंद करण्यांत आले. ही संवय हळूहळू सोडवावी असें अस्वलांचा अभ्यास करणारे फ्रँक व जॉन क्रेगहेड हे बंधु सांगत होते. परंतु ती एकदम तोडण्यांत आली, आणि पुढील कांहीं वर्षांत पुष्कळ अस्वलें प्राणांस मुकलीं. पूर्वीच्या चुकीचें प्रायश्चित्त असें मुक्या प्राण्यांनीं घेतलें. १९७५ सालीं ग्रिझ्लीस कायद्याचें संरक्षण मिळालें, तेव्हां यलोस्टोन व सभोंवतालच्या मुलुखांत त्यांची संख्या सुमारें १३६ होती. आतां ती हजाराच्या आसपास आहे. कोणी भाकरी घातली म्हणून तीं वाढलीं नाहींत. मुळें, पाइन वृक्षाच्या बिया, मासे व उंच डोंगरांतील पतंग हेंच त्यांचें अन्न. एक अस्वल एका दिवसांत चाळीस हजारांपर्यंत पतंग खातें असें शास्त्रज्ञ सांगतात.

परत आल्यावर शाळेच्या सहलींत घाटांतील वळणावर आमची गाडी थांबली. कठड्यावर माकडें बसलीं होतीं. एका मुलानें बिस्किट पुढें केलें. पूर्वीं आम्हींही अशींच केळीं वांटलीं होतीं, म्हणून त्यास रागें भरण्याचें तोंड आम्हांस नव्हतें. आम्हीं त्याचा हात धरून त्यास लाडवांच्या डब्याची गोष्ट सांगितली. त्यानें बिस्किट खिशांत ठेविलें. माकडें थोडा वेळ वाट पाहून झाडींत निघून गेलीं, आणि तेथें उंबराचीं फळें पिकलेलीं होतीं.