प्रवासाची आखणी

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• अनेक टप्प्यांच्या प्रवासाचा क्रम ठरवू शकाल;
• तिथीवरून भरती-ओहोटीची ढोबळ वेळ काढू शकाल;
• परतीच्या वेळेपासून उलट हिशेब मांडू शकाल.

प्रास्ताविक

एकाच वाहनाने जायचे असल्यास तिकीट काढले की काम भागते. परंतु बोट, एसटी, रिक्षा आणि होडी असा प्रवास असेल, तर एक दुवा निसटताच पुढची सारी साखळी तुटते. मुंबईहून निघून कुलाबा व जंजिरा हे रायगड जिल्ह्यातील दोन जलदुर्ग दोन दिवसांत पाहण्याचे उदाहरण आपण घेऊ.

मूळ पाठ

प्रथम ऋतूचा विचार करावा. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला बोटीने सुमारे एक तास लागतो. तेथून अलिबाग रस्त्याने सुमारे २० किलोमीटर आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने या बोटी व जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. म्हणून हा प्रवास पावसाळा संपल्यावरच आखावा.

दुसरा विचार तिथीचा. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे असलेला अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी पायी गाठता येतो. भरतीत वाट पाण्याखाली जाते. कोकणातील दर्यावर्दी एक सोपा हिशेब करतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६. म्हणजे सुमारे ६ वाजता भरती आणि सुमारे ६ तासांनी, दुपारी १२ च्या सुमारास, ओहोटी. पौर्णिमेला मात्र दुपारीच भरती असते. हा हिशेब ढोबळ आहे. स्थानिक कोळी बांधवांना विचारूनच वाटेवर पाऊल टाकावे. पाणी ओसरत असताना जावे आणि चढू लागण्यापूर्वी परतावे. येथे केलेला उशीर जिवावर बेतू शकतो.

तिसरा विचार परतीचा. दुसऱ्या दिवशी मांडव्याहून सायंकाळी ६ ची बोट गाठायची आहे, असे समजू. आता मागे मोजत जाऊ. अलिबाग ४.३० वाजता सोडावे. मुरूड-अलिबाग एसटीला सुमारे दोन तास धरून आणि अर्धा तास राखीव ठेवून मुरूड २ वाजता सोडावे. रिक्षाने मुरूडला येण्यासाठी राजपुरीचा धक्का १ वाजता सोडावा. होडी व किल्ला यांसाठी अडीच तास धरल्यास राजपुरीला १०.३० पर्यंत पोहोचले पाहिजे. याचाच अर्थ, अलिबागहून सकाळी ७.३० च्या सुमारास निघणे आवश्यक आहे.

बोट चुकलीच, तर पेण-पनवेल मार्गे एसटीने परतता येते. असा पर्यायी मार्ग आणि त्याचे भाडे आधीच वेगळे काढून ठेवावे.

पाठगत प्रश्न

१. चतुर्थीला भरती व ओहोटी साधारण किती वाजता येईल?
२. परतीची बोट ५ वाजता असल्यास अलिबाग सकाळी केव्हा सोडावे लागेल?
३. तुमच्या गावाहून परीक्षा केंद्रापर्यंतच्या प्रवासाची अशीच उलट आखणी करा.