रुपया, चवली, पैसा आणि आठाची मोजणी

व्यापाऱ्याच्या घरातील मूल दहाच्या मोजणीतच वाढते. त्यामुळे संख्या आणि तिचे दशमान रूप एकच, असा आपला समज होऊन बसतो. वास्तविक संख्या तीच राहते. लिहिण्याची रीत बदलते. आठाने मोजण्याच्या रीतीस अष्टमान म्हणतात. तीत ० ते ७ एवढेच अंक. आठ झाले की हातचा एक. म्हणून आठ हा १० असा व चौसष्ट हा १०० असा लिहावयाचा.

हे नाव ठाऊक नसताही आपल्या वाडवडिलांचा व्यवहार बराचसा ह्याच रीतीने चाले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. तत्पूर्वी रुपयाचे सोळा आणे व आण्याचे चार पैसे होत. दोन आण्यांची चवली. म्हणजे आठ पैशांची चवली व आठ चवल्यांचा रुपया. तेव्हा ३ रुपये, ५ चवल्या, ६ पैसे ही रक्कम अष्टमानात सरळ ३५६ होते. दशमानात तेच २३८ पैसे. वहीत मात्र चवलीचे घर नसे; पावलीची उभी रेघ ओढीत. रुपयाचे तीनदा चार-चार भाग करा की दोनदा आठ-आठ, पैसे चौसष्टच.

आता हीच रक्कम सात भागीदारांत वाटावयाची आहे. एक चवली सातांत वाटली तर एक पैसा उरतो. रुपयाचे ६४ पैसे वाटले तरी एकच उरतो, कारण ६३ हे नऊ साते. म्हणून तीन रुपयांचे ३, पाच चवल्यांचे ५ आणि सुटे ६, असे १४ पैसे उरले. तेही सातांत नि:शेष जातात. प्रत्येकास ३४ पैसे, म्हणजे साडेआठ आणे. दशमानात अंकांच्या बेरजेने नवाची कसोटी लागते, तशी अष्टमानात साताची लागते. नवाची कसोटी येथे एकाआड एक अंक मिळवून व वजा करून लागते: ६ वजा ५ अधिक ३, बाकी ४.

दोन, चार व आठ ह्यांस तर बेरीजही नको. शेवटचा अंक सम असला की संख्या सम, ० किंवा ४ असला की चाराने भाग जातो, ० असला की आठाने. तराजूवर माल अर्धा, पाव, अर्धपाव असाच तुटतो. महाराष्ट्राकडील धान्यमापांतही आठ कोळव्यांचा शेर व आठ मापट्यांची पायली असे. शंभर पैशांचे दोनदाच सारखे अर्धे होतात, पुढे साडेबारा; चौसष्टांचे एका पैशापर्यंत होतात. पाचांत वाटणी मात्र जुन्या रुपयास कधीच साधली नाही, आणि येथे शंभराचाच वरचष्मा मानला पाहिजे. तिघांसाठी पैशाच्या तीन पै होत्या. रुपयाच्या पै १९२, अष्टमानात नेमक्या ३००.

संगणकाचे यंत्र शून्य व एक एवढेच जाणते. तसे तीन अंक एकत्र बांधले की अष्टमानाचा एक अंक होतो, म्हणून आरंभीच्या अनेक यंत्रांवर हीच रीत चाले.

हेमचंद्राचार्यांनी ज्यांची चरित्रे लिहिली ते शलाकापुरुष ६३. अष्टमानात ही संख्या ७७ होते: बेरीज १४, वजाबाकी शून्य, म्हणून सात व नऊ दोहोंनी भाग जातो. नवकारवाळीचे मणी १०८, म्हणजे १५४. त्यांस नवाने भाग जातो. साताने किती उरतात, ते मुलांनी भागाकार न करता सांगावे.