अनुदान आणि अनुदार : लांब शब्दांची फोड

एकदा वर्गात वाचन चालले असता एका विद्यार्थ्याने ‘अनुपस्थित’ हा शब्द ‘अनु’ येथे क्षणभर थांबून वाचला, आणि वाचन संपल्यावर त्याने मोठा मार्मिक प्रश्न विचारला. ‘अनु’ या उपसर्गाचा अर्थ मागून, मागोमाग, हे आपण व्याकरणात शिकलो. तर मग ‘पस्थित’ म्हणजे काय? कोशात तो शब्द त्याला सापडला नव्हता, आणि सापडणारही नव्हता. वर्गात थोडी हशा पिकली. परंतु हसणाऱ्यांपैकी किती जणांस त्याचे उत्तर देता आले असते, याची आम्हांस शंकाच आहे.

‘पस्थित’ असा शब्दच नाही. मूळ शब्द ‘उपस्थित’; त्यास नकार दाखविणारा ‘अन्’ लागला. संस्कृतात हा नकार व्यंजनापूर्वी नुसता ‘अ’ असतो आणि स्वरापूर्वी ‘अन्’ होतो. म्हणून ‘अयोग्य’, परंतु ‘अनुचित’. आता ‘अन्’ मधील ‘न्’ ला स्वतःचा स्वर नाही. पुढे ‘उ’ उभा आहे. तो त्याच्याशी जाऊन मिळतो आणि ‘नु’ होतो. अर्थाच्या दृष्टीने शब्द ‘अन्’ आणि ‘उपस्थित’ यांच्या सांध्यावर तुटतो. उच्चाराच्या दृष्टीने मात्र तो अ-नु-पस्-थित असा तुटतो. अर्थाची फोड एके ठिकाणी, जिभेची फोड दुसऱ्या ठिकाणी. वाचणाऱ्याचा घोटाळा होतो तो येथे.

याचे सर्वांत गमतीचे उदाहरण म्हणजे ‘अनुदान’ आणि ‘अनुदार’ ही जोडी. दोहोंचा उच्चार शेवटचे व्यंजन सोडल्यास अगदी एक : अ-नु-दान, अ-नु-दार. परंतु ‘अनुदान’ म्हणजे अनु अधिक दान, आणि ‘अनुदार’ म्हणजे अन् अधिक उदार. एक देणाऱ्याचा शब्द, दुसरा न देणाऱ्याचा! ‘अनु’ वेगळा काढून उरलेला भाग अर्थपूर्ण आहे की नाही ते पाहावे, अशी युक्ती पुष्कळजण सांगतात. येथे तीही फसते, कारण ‘दार’ हा शब्द मराठीत आहे. पण अनुदार माणसाचा दाराशी काही संबंध नाही (त्याचे दार बहुधा बंद असते ही गोष्ट निराळी). तेव्हा खरी कसोटी अर्थाचीच. शब्दात ‘नाही’ असा भाव असेल तर ‘अन्’ शोधावा : अनुचित, अनुत्तीर्ण, अनुपलब्ध, अनुपम. मागोमाग जाण्याचा किंवा जोडून असण्याचा भाव असेल तर ‘अनु’ : अनुकरण, अनुयायी, अनुवाद. शिष्यवृत्तीच्या अर्जावर आपल्याकडे नेहमी दिसणारा ‘अनुसूचित’ हा शब्द या दुसऱ्या कुळातला.

येथे ‘अक्षर’ या शब्दाविषयी थोडे सांगितले पाहिजे. एका स्वराभोवती जेवढे ध्वनी एका झटक्यात उच्चारले जातात, तेवढ्यांचे मिळून उच्चारातले एक अक्षर होते. ‘घर’ लिहिताना अक्षरे दोन, परंतु मराठी माणूस बोलताना ‘घर्’ असेच म्हणतो. उच्चारात अक्षर एकच. दोन स्वरांमध्ये एकटे व्यंजन आले तर ते पुढच्या स्वराकडे जाते. दोन व्यंजने आली तर बहुधा त्यांची वाटणी होते, एक मागे राहते आणि एक पुढे जाते. ‘अनुत्तीर्ण’ हा शब्द अ-नुत्-तीर्-ण असा म्हटला, तर अडखळण्याचे कारण उरत नाही.

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले; तरी पैनगंगेच्या या तीरावरही मराठी बोलणारी कुटुंबे राहिलीच. येथील मूल घरात मराठी आणि बाजारात तेलुगू ऐकते; गोंडी, कोलामी आणि उर्दूही त्याच्या कानावर पडतात. मराठी व तेलुगू या दोन्ही भाषांनी संस्कृतातून तेच शब्द घेतले, पण त्यांची अक्षरे निराळी पाडली. आपण ‘अनुकरण’ म्हणतो तेव्हा चार अक्षरे होतात, अ-नु-क-रण. तेलुगू भाषिक शेवटचा ‘अ’ पुरता उच्चारतो, म्हणून त्याची पाच, अ-नु-क-र-ण. आपला ‘अनुभव’ तीन अक्षरी, त्याचा ‘अनुभवम्’ चार अक्षरी. तेलुगूला स्वरान्त भाषा म्हणतात ते यामुळेच. (अर्थही कधी सरकतो. तेलुगू मित्र ‘अनुमानम्’ म्हणाला तर तो तर्क सांगत नसून शंका व्यक्त करीत आहे, हे ध्यानात ठेवावे.)

यावरून मुले एकमेकांस चिडवितात. मराठी वाचताना एखाद्याने शेवटचा ‘अ’ लांबविला की तो ‘तेलुगू वळणाचा’ ठरतो. उलट तेलुगूच्या तासाला शेवटचा ‘अ’ गिळणारा आपला मुलगा हास्यास्पद होतो. या चिडविण्याने कित्येक मुले मोठ्याने वाचावयाचेच सोडून देतात, ही हानी लहान नव्हे. वास्तविक पूर्ण ‘अ’ मराठीलाही परका नाही. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत; ओळीत बारा अक्षरे. ते म्हणताना आपण प्रत्येक ‘अ’ ला त्याचे माप देतो, न दिल्यास चाल मोडते. बोलताना ‘घर्’ म्हणणारा मुलगाच वृत्तात ‘घ-र’ म्हणतो. तेलुगू भाषिक जे रोजच्या बोलण्यात करतो, ते आपण श्लोकात करतो, एवढाच फरक.

आता थोडे दूर जाऊ. हैदराबादेत १९५८ साली स्थापन झालेली आणि पुढे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ झालेली संस्था आहे. तेथे फ्रेंच भाषा शिकविली जाते. आपल्यापैकी कोणी पुढे ती भाषा घेतली तर त्यास तेथेही जुनीच ओळख भेटेल. फ्रेंचमध्ये नकाराचा उपसर्ग ‘इन्’ आहे. तो लॅटिनमधून आला. आणि लॅटिनचा ‘इन्’, ग्रीकचा ‘अन्’ व आपला ‘अन्’ ही एकाच मूळ भाषेची लेकरे होत. फ्रेंचमध्ये ‘युतील’ म्हणजे उपयोगी आणि ‘इन्युतील’ म्हणजे अनुपयोगी. (त्यातील ‘यु’ आपल्या लिपीत नीट बसत नाही, जीभ ‘ई’ च्या जागी ठेवून ओठ ‘ऊ’ सारखे गोल केले की तो स्वर निघतो.) फ्रेंच माणूस तो शब्द इ-न्यु-तील असा फोडतो. आपण अ-नु-प-यो-गी म्हणतो. उपसर्गाचे व्यंजन दोन्हीकडे पुढच्या स्वराने ओढून नेले, अर्थही एकच!

पुढे व्यंजन आले तर मात्र फ्रेंच निराळे वागते. उपसर्गातील ‘न्’ किंवा ‘म्’ नाहीसा होतो आणि आधीचा स्वर अनुनासिक होतो. ‘अशक्य’ या अर्थाचा शब्द इम्पॉसिब्ल असा लिहिलेला दिसतो, पण उच्चार ‘अँपॉसीब्ल’ च्या जवळचा. आणि गंमत अशी की, ‘आयात करणे’ या अर्थाच्या ‘अँपॉर्ते’ या शब्दातही तसाच उपसर्ग दिसतो. तेथे त्याचा अर्थ ‘आत’, नकार मुळीच नाही. म्हणजे अनुदान-अनुदाराचे कोडे पॅरिसच्या मुलासही सुटलेले नाही!

फ्रेंच मुले जो शब्द म्हणून दाखविण्यात भूषण मानतात, तो ‘घटनाविरोधी रीतीने’ या अर्थाचा आहे. लिहिताना त्यात पंचवीस वर्ण येतात; म्हणताना अक्षरे आठच : आँ-ति-काँस्-ति-त्यु-स्यॉ-नेल्-माँ. ‘नेल्’ नंतर लिहिण्यात एक स्वर आहे. तो बोलताना गळतो, आपल्या ‘घर’ मधल्या शेवटच्या ‘अ’ सारखा.

जाता जाता काही शब्द वाचकांच्या हाती देतो : अनुज्ञा, अनुत्सुक, अनुनय, अनुल्लंघनीय, अनुशेष, अनुत्तर. आधी टाळी वाजवीत प्रत्येकाची अक्षरे मोजावीत. मग कोणात ‘अन्’ आहे आणि कोणात ‘अनु’, ते कोश न उघडता ठरवावे. घरी तेलुगू जाणणारे कोणी असल्यास यांपैकी कोणते शब्द त्या भाषेत चालतात आणि तेथे टाळ्या किती वाजतात, हेही त्यांजकडून म्हणवून घ्यावे.