प्राथमिक आरोग्यसेवेतील आहारोपचार

आजार म्हटला की गोळी, इंजेक्शन किंवा सलाईन, हे समीकरण आपल्या समाजाच्या मनात घट्ट बसले आहे. दवाखान्यातून निघताना डॉक्टर किंवा परिचारिका "सकस आहार घ्या" असे सांगतात आणि आपण मान डोलावून घरी येतो. सकस म्हणजे काय, तो किती, दिवसातून किती वेळा आणि आठवड्याच्या मजुरीत तो आणायचा कोठून, यांपैकी काहीच त्या वाक्यात नसते. औषधाच्या बाबतीत असे कोणी करीत नाही. "थोडे औषध घेत जा" एवढेच सांगणाऱ्या डॉक्टरकडे आपण पुन्हा जाणार नाही. आहार हा उपचार असेल, तर त्यालाही तपासणी हवी, मात्रा हवी आणि गुण आला की नाही हे पाहणारी फेरतपासणी हवी. गावपातळीवरील आरोग्यसेवेत ही शिस्त कशी येते आणि कोठे निसटते, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

१९७८ साली अल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचे जे किमान घटक सांगितले, त्यांत अन्नपुरवठा व योग्य पोषण यांचा स्पष्ट उल्लेख होता. आपल्याकडे त्याआधीच, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू होऊन अंगणवाडीचा पाया घातला गेला होता. आज सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. या केंद्रात वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ असतात; आहारतज्ज्ञाचे स्वतंत्र पद मात्र नसते. आहारतज्ज्ञ भेटतो तो जिल्हा रुग्णालयात. म्हणजे गावात आहाराचा सल्ला देण्याचे काम येते ते एएनएम, आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्यावर. ही उणीव खरी आहे. पण पदवीधर तज्ज्ञ नाही म्हणून काम होऊ शकत नाही, हे आम्हांस मान्य नाही. त्याला महाराष्ट्रातच उत्तर मिळालेले आहे.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले, तेव्हा तो दुष्काळी मुलूख होता. लोकांना आधी दवाखाना नको होता. अन्न आणि पाणी हवे होते. म्हणून काम बालकांच्या आहारापासून व पाण्यापासून सुरू झाले. कूपनलिका शक्यतो दलित वस्तीत घेतल्या गेल्या, त्यामुळे पाणी हवे असणाऱ्या साऱ्या गावाला त्या वस्तीत यावे लागले. पुढे गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. त्यांतील अनेकजणी दलित होत्या, बऱ्याच निरक्षर होत्या. बालकाचे वजन करणे, ते घटले की ओळखणे, आईला घरातल्याच धान्यातून काय करता येईल ते दाखवणे, ही कामे त्यांनी केली. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु आमच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिने सांगितलेला आहार त्याच गावाने आपल्या लेकरांना दिला.

आता तपासणीकडे वळू. कुपोषण डोळ्यांना दिसते असे आपण मानतो, पण ते फार उशिरा दिसते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान भरला तर मध्यम कुपोषित समजतात. यासाठी लागते ती लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांची एक साधी पट्टी. वजन व उंची घेऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढीच्या मानकांशी ताडून पाहणे हे दुसरे माप. दोन्ही पावलांवर सूज असून अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर वजन कितीही भरो, बालक धोक्यात आहे. सुजेमुळे गाल भरलेले दिसतात आणि घरचे लोक बाळ गुटगुटीत झाले म्हणून समाधानी असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात उंचीच्या मानाने वजन अतिशय कमी असलेल्या पाच वर्षांखालील बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ९.४ टक्के होते, ते २०१९-२१ च्या फेरीत १०.९ टक्के झाले. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला हा आकडा शोभत नाही.

मापानंतर विचारपूस. येथेच बहुतेक सल्ले फसतात, कारण प्रश्नच चुकीचा विचारला जातो. "बाळ नीट जेवते का?" या प्रश्नाला कोणतीही आई "हो" म्हणणार. त्याऐवजी कालच्या दिवसाचा हिशेब घ्यावा लागतो.

"काल सकाळी उठल्यापासून बाळाला काय काय दिलं, ते सांगा बरं."

"दूध पाजलं, ताई. मग बिस्कीट दिलं चहात बुडवून. दुपारी वरणाचं पाणी."

"पाणीच? खालची डाळ?"

"ती घट्ट असते ना, पचायची नाही म्हणून सासूबाई नको म्हणतात."

या चार वाक्यांत निदान झाले. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाबरोबर बाळाला वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० उष्मांक लागतात, नऊ महिन्यांनंतर ३०० आणि वर्षानंतर सुमारे ५५०. बाळाचे पोट वाटीएवढे. ती वाटी वरणाच्या पाण्याने भरली तर पोट भरते, पण वाढ होत नाही. म्हणून सल्ला असा द्यावा लागतो : डाळ घोटून चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट द्या, त्यात एक लहान चमचा तेल घाला, त्याने सुमारे ४५ उष्मांक वाढतात, दाण्याचा बारीक कूट मिसळा, सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, पुढे तीन-चारदा भरवा, अंडे असेल तर तेही मऊ उकडून कुस्करून द्या. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तेव्हा दूध परवडत नाही म्हणून हताश होण्याचे कारण नाही. आणि हा सल्ला एकट्या आईला देऊन भागत नाही, समोर सासूबाईही बसलेल्या हव्यात. घरातील चूल कोणाच्या शब्दाने चालते हे ज्या ताईला कळते, तिचाच सल्ला अमलात येतो.

तीव्र कुपोषणात मात्र घरगुती उत्साह घातक ठरू शकतो. फार काळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न सोसत नाही. म्हणूनच सूज असलेले, भूक मेलेले किंवा आजारी असलेले तीव्र कुपोषित बालक पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे लागते. तेथे सुरुवातीला १०० मिलिलिटरमागे ७५ उष्मांकांचे दूध दर दोन-तीन तासांनी मोजून देतात आणि बालक सावरल्यावर १०० उष्मांकांचे. लोहाचे औषधही वजन वाढू लागेपर्यंत थांबवतात. भूक शाबूत असलेल्या बालकांसाठी गावातच अंगणवाडीत ग्राम बाल विकास केंद्र चालवता येते. बालकाला रुग्णालयात ठेवायचे तर आईची मजुरी बुडते, मागे घरी दोन मुले असतात. या अडचणीला उत्तर दिल्याशिवाय "पालक ऐकत नाहीत" असा शेरा मारणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

रक्तक्षयाची कथा निराळी. तेथे औषध घरात असते, पण पोटात जात नाही. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. गरोदरपणी रोज एक याप्रमाणे १८० दिवस लोहाची गोळी दिली जाते आणि कॅल्शियमचीही दिली जाते. दोन्ही एकदम घेतल्या तर कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते; त्यांत किमान दोन तासांचे अंतर हवे. गोळी चहाबरोबर घेतली तर तेच होते. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी. शौचास काळे होते याची कल्पना आधीच द्यावी, नाहीतर बाई घाबरून गोळ्या फडताळात ठेवते. पालेभाजीवर लिंबू पिळणे आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलणे, याला एक रुपयाही लागत नाही.

आहार हे औषध आहे याचा ठाम पुरावा अलीकडे झारखंडमध्ये मिळाला. क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना दरमहा दरडोई पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ व सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या देऊन पाहिल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. शासन क्षयरुग्णाला दरमहा ५०० रुपये देत असे, ते २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० झाले आहेत. आपल्या वस्तीतील रुग्णाच्या खात्यात ते वेळेवर जमा होतात का, हे विचारणारे कोणीतरी हवे. मधुमेहाबद्दल एवढेच की, "भात बंद, साखर बंद" ही आज्ञा पाळली जात नाही. दिवसातले पाच गोड चहा दोनवर आणणे आणि ताटातला भात निम्मा करून उसळ वाढवणे पाळले जाते.

राहिला तो स्थलांतराचा प्रश्न, आणि तो आम्हांस सर्वांत कठीण वाटतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीला, तर इतर भागांतून वीटभट्टीला कुटुंबे निघतात ती उन्हाळ्यातच परततात. बालकाचे वजन ज्या वहीत नोंदलेले असते, ती गावच्या अंगणवाडीतच राहते. घरपोच आहाराची पाकिटे गावी येतात, बालक फडावर असते. पहाटे आई कोयता घेऊन निघते आणि दहा वर्षांची बहीण धाकट्याला सांभाळते. ऑक्टोबरमध्ये पिवळ्या पट्ट्यात असलेले मूल मे महिन्यात लाल पट्ट्यात आलेले असते, आणि मधले सात महिने त्याचा दंड कोणी मोजलेला नसतो. गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला यात करण्यासारखे आहे : निघण्यापूर्वी प्रत्येक बालकाचे माप घेऊन ते आईजवळच्या माता-बाल कार्डावर लिहून द्यावे, जेथे मुक्काम पडणार त्या गावच्या आशाताईंना दूरध्वनीने कळवावे, आणि दंडाची पट्टी आईच्याच हाती देऊन ती वापरायला शिकवावी. अक्षरओळख नसलेली आईही रंग वाचू शकते. पट्टी लाल दिसली की कामाचा खाडा पडला तरी चालेल, पण त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे, एवढे तिला आणि मुकादमाला, दोघांनाही गावातून निघतानाच सांगून ठेवावे.